टोपण

श्चेचिनच्या त्या कचेरीत नदीची पातळी मोजायचे.
अठरा मशीनं होती, एकमेकींचा पदर धरून बसलेली.
एकच काळी तार,
या टेबलावरून त्या टेबलाकडे,
रेडिएटरमागून, कुंडीखालून, दाराच्या फटीतून,
आणि प्रत्येक मशीनच्या पाठीशी एक पितळी तिठा :
एक वाट आत, एक शेजाऱ्याकडे.

दोन टोकांना दोन टोपणं.
ती नसली तर निरोप टोकापर्यंत जातो,
अडतो, उलटा फिरतो
आणि मागून येणाऱ्यावर आदळतो,
असं गेर्वाझीनं मला शिकवलं
जिन्यात बसून, खारवलेली काकडी खाता खाता.
काकडी आधी, वीज नंतर,
हा त्याचा क्रम होता.

कुणाचा पाय लागायचा, कुणी खुर्ची सरकवायचं,
की सगळा मजला मुका.
मग दारं उघडायची. अठराच्या अठरा.
कोणी ओढली?
भांडण व्हायचं, आणि भांडता भांडता
कुणाच्या मावशीचं ऑपरेशन कळायचं,
बंदरावर संत्री आल्याचं कळायचं,
एक लग्न त्या बोळात जमलं,
एक तिथंच मोडलं.

शेवटच्या खोलीत झेनोबिया.
तिच्याकडे टोपण.
पंचवीस वर्षं ओडरचे आकडे लिहिलेली बाई,
पण कामाचं विचारलं तर म्हणायची,
मी शेवट सांभाळते.
टोपणाला तिनं लाल लोकर बांधली होती,
झाडूवालीनं हात लावू नये म्हणून.

मार्चमध्ये वरून कागद आला :
सगळं भिंतीत घ्या.

आम्ही भिंती फोडल्या.
विटा जुन्या, दुसऱ्याच भाषेच्या शिक्क्याच्या.
आत कापडात गुंडाळलेली एक मेलेली तार निघाली,
चिनी मातीच्या बोंडावर ताणलेली;
घंटेची असावी, म्हणाला गेर्वाझी,
कुणाला तरी वर बोलावायची.
ती आम्ही तशीच राहू दिली आणि तिच्या अंगावरून
आमची ओढली.
भिंतीला कान असतात हे इथं
म्हण म्हणून कुणी सांगत नाही.
आता आम्ही तिला तोंड बसवत होतो,
दर टेबलामागे एक,
पांढरं, चौकोनी, चार स्क्रूंचं.

प्रत्येकाला स्वतःची तार मिळाली,
सरळ खाली, जिन्याखालच्या कपाटात,
जिथं एक डबा सगळ्यांचं सगळ्यांना वाटतो.
कपाटाला कुलूप. किल्ली माझ्याकडे.
तिठे मी बिस्किटांच्या डब्यात भरले.
टोपणांपैकी एकच मिळालं.

नंतर कुणाचा पाय लागला तर
फक्त त्याचंच बंद पडायचं.
तो वाकायचा, बसवायचा, गप्प.
बोळात संत्र्यांची बातमी यायची थांबली,
हे मला खूप उशिरा लक्षात आलं,
आणि तेव्हा संत्री कुठंही मिळत होती.

फेब्रुवारीत एका सकाळी कपाटातला डबाच बसला.
सगळा मजला मुका.
मी वर गेलो. बोळ रिकामा.
दारं लावलेली, आणि आत, एकेका खोलीत,
माणसं टेबलाखाली शिरलेली,
आपापलं भोक चाचपत.
सतरा जण, सतरा टेबलांखाली,
प्रत्येकाला वाटत होतं आपलंच काही चुकलं.

फक्त झेनोबिया बाहेर आली.
कोणी ओढली? म्हणाली, बोळाला.
बोळ काय बोलणार.

ती माझ्यामागून जिना उतरली, कठडा धरून.
मी कपाट उघडलं. दिवे गेलेले.
तिनं स्वेटरच्या खिशातून लाल लोकर काढली,
लोकरीच्या टोकाला ते.
हे लागेल का?

गेर्वाझी असता तर हसला असता. कदाचित नसताही.
मी ते घेतलं
आणि कपाटाच्या आत, दारामागच्या खिळ्याला टांगलं.
मग फ्यूज बदलला.
एकेक करून अठरा हिरवे ठिपके.

तिनं वर जाऊन काय सांगितलं ते मला ठाऊक आहे.
मी ते अजून खोडलेलं नाही.